गिरणीतली कॅसेट

डोंबिवली, रविवार

चि. राणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुमच्या डोंबिवलीत कुठला आलाय रॉक!" मी विषय बदलला, कारण ते सगळं फोनवर सांगता आलं नसतं. सोबत एक कॅसेट पाठवतोय, म्हणून लिहायला बसलो.

तुझा बँड बंगळूरला तासाच्या भाड्याने खोली घेऊन सराव करतो. परदेशातली पोरं घरच्या गॅरेजमध्ये करतात म्हणे. आमच्यात गाडीच कुणाकडे नव्हती, मग गॅरेज कुठून असणार? आमच्याकडे होती पिठाची गिरणी. गिरणीवाल्या काकांचा मुलगा आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. रात्री नऊला शेवटचं दळण झालं की शटर अर्ध्यावर ओढायचं आणि गव्हाच्या डब्यांमध्ये जागा करून उभं राहायचं. पीठ हवेत तरंगतच असायचं. ड्रमवर काठी पडली की पांढरा धुरळा उडायचा. तारांवर पीठ आणि घाम मिळून लगदा बसायचा, तो मी आजोबांच्या धोतराच्या फडक्याने पुसायचो. अजूनही गिरणीवरून जाताना गरम पिठाचा वास आला की डाव्या हाताची बोटं आपोआप वळतात.

हे १९८९ सालचं. परदेशी गिटारकडे तेव्हा नुसतं बघायचं. माझी गिव्हसन होती, कोलकात्याची. वर्षभर शिकवण्या करून धोबीतलावच्या फुर्टाडोजमधून आणली. तारा इतक्या उंच की बोटांना घट्टे पडले. तार टोकाच्या धातूच्या मण्यापाशी तुटली की फेकून द्यायची नाही. मणी काढून घ्यायचा, उरलेली तार त्यात ओवून पकडीने पीळ द्यायचा आणि पुन्हा चढवायची. आणखी पंधरा दिवस निघायचे. अँप्लिफायर मंडपवाल्याचा, आहुजाचा. गणपतीचे दहा दिवस तो मंडळात जायचा आणि आमचा सराव बंद पडायचा. त्याच्या माइकच्या भोकात गिटारची पिन खुपसून आवाज पार वर नेला की तो फाटायचा. रेकॉर्डवर ऐकलेला तो खरखरीत आवाज आपल्या हातून पहिल्यांदा निघाला, त्या रात्री मला झोप लागली नाही.

ड्रमवाला मूळचा भजनी मंडळातला, ढोलकी वाजवणारा. केरवा ताल हातात मुरलेला. इंग्रजी गाणं चाललेलं असताना हा समेवर येण्याआधी खुशाल तिहाई टाकायचा, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचा. मी दर वेळी चिडायचो, "अरे, रेकॉर्डवर आहे तसं वाजव." आता कॅसेट ऐकतो तेव्हा वाटतं, त्या सगळ्यात आमचं स्वतःचं असं तेवढंच होतं, आणि तेच मी त्याच्याकडून काढून घेत होतो. तुझ्या गाण्यात ती एक मराठी ओळ आपसूक आली आणि बँडमधले ती काढ म्हणतात, असं तू सांगितलंस ना? काढू नकोस.

आमच्या डोळ्यांपुढे एकच जागा होती, रंगभवन. धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं उघड्यावरचं नाट्यगृह. १९८६ पासून फरहाद वाडियांचा इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव तिथे व्हायचा. आम्ही चौघं लोकलने व्ही.टी.ला उतरून चालत जायचो. ऐन पावसाळ्याचे दिवस, कपडे अंगावरच वाळायचे. रॉक मशीन या मुंबईच्या बँडला मी तिथेच ऐकलं. महेश तिनईकर नावाचा माणूस स्टेजवर गिटार वाजवतोय, हे बघूनच मला बळ आलं. आपल्या शेजारच्या बिल्डिंगच्या पाटीवर शोभावं असं नाव! त्यातून ही मंडळी स्वतःची गाणी वाजवत. १९८८ ला त्यांचा पहिला अल्बम आला होता, पुढे १९९३ ला त्यांनी इंडस क्रीड हे नाव घेतलं. परत येताना शेवटच्या कर्जत लोकलच्या लगेज डब्यात, माशांच्या रिकाम्या पाट्यांशेजारी बसून आम्ही ठरवलं की आपणही लिहायचं. दोन गाणी झाली. कॅसेटवर दोन्ही आहेत.

रंगभवन आता गप्प आहे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. इस्पितळ, शाळा, कोर्टाभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरला. तिथे तर कॉलेज आणि इस्पितळ दोन्ही खेटून. आजाऱ्यांना झोप हवीच, त्यावर मी भांडणार नाही. पण त्याच्या बदल्यात गिरणीतल्या पोरांना परवडेल अशी दुसरी जागा या शहराने दिली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आमचा बँड १९९२ ला थांबला. एकाला बँकेत नोकरी लागली, एक मस्कतला गेला, ड्रमवाला ऑर्केस्ट्रात. भांडण झालं नाही.

आता कॅसेटबद्दल. मी घरी अभ्यासाला जातो म्हणून सांगायचो. त्या रात्री टेप चालू होता. दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या गाण्याच्या मध्येच शटरवर थाप ऐकू येईल. सगळे थांबतात. मग एका बाईचा आवाज येतो, "गिरणी चालू आहे ना? सकाळी पाहुणे यायचेत, एवढी ज्वारी टाका." ती तुझी आजी. घरघर ऐकून तिला गिरणीच चालू आहे असं वाटलं. शटर वर गेलं तेव्हा मी समोर, गळ्यात गिटार, केसांत पीठ. ती काही क्षण बघत राहिली, ते क्षण टेपवर नुसती खरखर आहेत. मग म्हणाली, "बरं, तुमचं होऊ दे. मी थांबते." डबा पायाशी ठेवून ती पोत्यावर बसली आणि आम्ही गाणं पहिल्यापासून वाजवलं.

आजोबांना तिने कधीच सांगितलं नाही. तू दोन वर्षांची असताना ती गेली, तुला तिचा आवाज आठवत नसणार. टेप जुनी आहे, पुढे-मागे पळवू नकोस. सुरुवातीपासून लाव आणि वाट बघ.

तुझा,
बाबा