हुकूमनाम्यानंतरची वाट: विधि व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय विधि व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

हे पत्र दिवाणी न्यायालयांतील दरखास्तींबद्दल, म्हणजे हुकूमनाम्याची (दाव्यातल्या निर्णयाच्या आदेशाची) अंमलबजावणी करून घेण्यासाठी केलेल्या अर्जांबद्दल आहे. दाव्याचा निकाल देणे हे न्यायाधीशांचे काम आणि त्यात आपण काही करावे अशी आमची मागणी नाही. पण निकालाप्रमाणे जमीन, घर किंवा पैसा ज्याचा त्याला मिळवून देणारी माणसे, म्हणजे बेलिफ (न्यायालयाचे आदेश जागेवर जाऊन बजावणारा कर्मचारी), पोलीस, तहसीलदार आणि भूमापक, ही सगळी राज्य सरकारच्या पगारावर आहेत. दरखास्ती तुंबतात त्या बहुतेक याच टप्प्यावर.

सर्वोच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2021 च्या निकालात सांगितले की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, मुदत वाढवायची तर कारणे लेखी नोंदवावीत. 6 मार्च 2025 रोजी तेच पुन्हा बजावून सर्व उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले गेले. ऑक्टोबरमध्ये चित्र समोर आले तेव्हा देशात 8 लाख 82 हजारांवर दरखास्ती प्रलंबित होत्या. त्यांतल्या तीन लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे देशात सर्वाधिक.

सगळ्यात जास्त अडते ते शेतजमिनीच्या वाटपात. घर किंवा प्लॉट असेल तर न्यायालय कोर्ट कमिशनर नेमून वाटप करून घेते. शेतसारा आकारलेल्या जमिनीचे तसे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे न्यायालय फक्त हिस्से ठरवते, प्रत्यक्ष सरस-निरस (जमिनीचा कस पाहून केलेले) वाटप जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला राजपत्रित अधिकारी करतो. मग हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडून तहसीलदारांकडे, तिथून मोजणीसाठी उपअधीक्षक भूमि अभिलेखांकडे, आणि वाटप तक्ता होऊन परत तहसीलदारांकडे असा फिरतो. कागद आज कोणत्या टेबलावर आहे हे दरखास्तदाराला कळत नाही आणि न्यायालयालाही कळत नाही.

अडण्याची कारणे मात्र ठरलेली आहेत. दावा जुन्या सर्व्हे नंबरवर लढवलेला असतो आणि सातबारा एकत्रीकरणानंतरच्या गट नंबराचा असतो. हुकूमनाम्यातले क्षेत्र उताऱ्याशी जुळत नाही, कारण पोटखराबा (गटातली लागवडीस अयोग्य जमीन) धरलेला नसतो किंवा मधल्या काळात रस्त्यासाठी काही क्षेत्र संपादित झालेले असते. एखादा हिस्सेदार मयत होतो आणि त्याचे वारस रेकॉर्डवर येत नाहीत. मोजणी फी कोणी भरायची यावर महिने जातात. भूमापक येतो तेव्हा शेतात पीक उभे असते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, एखाद्या हिस्सेदाराने मालकीची हरकत घेतली की तहसीलदार ती ऐकायला बसतात. हुकूमनाम्याने ठरलेला हिस्सा पुन्हा तपासण्याचा अधिकार त्यांना नाही. त्यांनी हुकूमनाम्याप्रमाणे वाटप करायचे आहे, बस्स.

यावरचा उपाय अवघड नाही. हुकूमनामा तहसीलमध्ये पोचल्यापासून पंधरा दिवसांत गट नंबर, क्षेत्र, वारस आणि फी या चार बाबी तपासाव्यात आणि त्रुटी असेल तर एकाच पत्राने न्यायालयाला कळवावी. दोन वर्षांनी पहिली त्रुटी काढून कागद परत पाठवण्याची रीत बंद झाली पाहिजे. आमच्या बाजूचे कामही आम्ही सांगतो: चालू सातबारा, आठ-अ (खातेउतारा), संबंधित फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी), गट जुळवणीचा उतारा आणि सर्व पक्षकारांचे आजचे पत्ते वकिलांनी हुकूमनाम्यासोबतच जोडले पाहिजेत. वाटप तक्त्याचा नमुनाही बदलायला हवा. आज त्यात बहुधा फक्त क्षेत्राचे आकडे असतात. जायची-यायची वाट कोणत्या बांधावरून, सामाईक विहिरीतल्या पाण्याची पाळी कशी, वीजपंप कोणाच्या नावे, हे लिहिलेले नसेल तर त्याच भावांमध्ये वर्षभरात मनाई हुकुमाचा नवा दावा उभा राहतो.

आता कब्जा वॉरंटाबद्दल, म्हणजे जागेचा ताबा मिळवून देण्याच्या न्यायालयीन आदेशाबद्दल. बेलिफ जागेवर जातो, दाराला कुलूप असते किंवा कोणी आडवे येते आणि वॉरंट ‘अडथळा’ असा शेरा लागून परत येते. मग कुलूप तोडण्याचा अर्ज, पुढची तारीख. पोलीस बंदोबस्ताचा अर्ज, त्याची तारीख. बंदोबस्ताची फी भरली की पोलीस ठाणे सांगते, या महिन्यात मनुष्यबळ नाही. तोवर वॉरंटाची मुदत संपलेली असते आणि सगळे पहिल्यापासून. दरम्यान एखादा तिऱ्हाईत उभा केला जातो. तो म्हणतो, मी स्वतंत्र हक्काने राहतो. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर 21 च्या नियम 97 ते 101 प्रमाणे त्याची हरकत दरखास्तीतच ऐकावी लागते. खऱ्या तिऱ्हाइताला ते संरक्षण हवेच. पण दावा चालू असताना प्रतिवादीकडून जागा घेतलेल्याला ते नाही, हे नियम 102 स्पष्ट सांगतो.

इथे आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी आणि शहरांत पोलीस आयुक्तांनी महिन्यातले दोन दिवस न्यायालयीन वॉरंटांसाठी राखून ठेवावेत आणि ते तीन महिने आधी जिल्हा न्यायालयाला कळवावेत. म्हणजे न्यायालय वॉरंटाची तारीख त्यालाच जुळवून देईल. दुसरे, बेलिफांची रिक्त पदे भरावीत. पंच कसे घ्यावेत, आतल्या सामानाची यादी कशी करावी, ते कोणाच्या ताब्यात द्यावे, चतुःसीमा जागेवर कशा पडताळाव्यात, याची मराठी पुस्तिका त्यांना मिळावी. वॉरंट बजावणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा निर्देश 2021 च्या निकालातच आहे.

भाड्याच्या जागांमध्ये वेगळा पेच आहे. निष्कासनाचा, म्हणजे जागा खाली करण्याचा हुकूमनामा झाला की अपील होते, स्थगिती मिळते आणि भाडेकरू जुन्याच भाड्यावर वर्षानुवर्षे राहतो. स्थगिती देताना बाजारभावाच्या जवळची रक्कम भरण्याची अट घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सांगितले आणि 2009 साली महाराष्ट्रातल्याच प्रकरणात कायम केले. अडचण पुराव्याची असते: त्या भागातले भाडे किती, हे दाखवायचे कसे? उत्तर सरकारच्याच दप्तरात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असावेच लागतात. नोंदणी विभागाने पक्षकारांची नावे वगळून विभागवार, चौरस फुटामागचे भाडे प्रमाणित उताऱ्याच्या रूपात द्यायला सुरुवात केली, तर स्थगितीच्या अर्जावरचा हा वाद बराच आटोपशीर होईल.

करारपूर्तीच्या, म्हणजे ठरलेला विक्री करार पुरा करण्याच्या हुकूमनाम्यांबद्दल थोडक्यात: विक्रेता सही करत नसेल तर ऑर्डर 21 नियम 34 खाली न्यायालय खरेदीखत करून देते. या दस्तांसाठी दुय्यम निबंधकांना एक स्वतंत्र लेखी कार्यपद्धती द्या, म्हणजे प्रत्येक कार्यालय वेगळी कागदपत्रे मागणार नाही.

एक मुद्दा थेट शासनाचा आहे. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या दरखास्तींत ऋणको, म्हणजे पैसे देणे लागणारा पक्ष, स्वतः सरकार असते. 1894 च्या कायद्याखालच्या प्रकरणांत वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे 15 टक्के व्याज चढते. ज्या निवाड्यांवर अपील नाही किंवा स्थगिती नाही, तिथे पैसे न भरण्याचे एकही कारण उरत नाही. जमीन गेलेला शेतकरी ताटकळतो आणि तिजोरीवरचा बोजाही रोज वाढतो. अशा दरखास्तींची जिल्हावार यादी करून पुढच्या पुरवणी मागण्यांत त्यांची तरतूद करावी.

महसूल, गृह, नोंदणी आणि विधि या चारही खात्यांचा संबंध असल्याने एकट्या खात्याच्या परिपत्रकाने हे होणार नाही. आपण उच्च न्यायालय प्रशासनाशी बोलून संयुक्त परिपत्रक काढावे आणि प्रत्येक जिल्ह्यात निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांना या कामाचे समन्वय अधिकारी नेमावे. सुरुवात कलम 54 खाली तहसीलांत पडून असलेल्या हुकूमनाम्यांच्या मोजदादीपासून करावी, कारण तो आकडा आज कोणत्याही एका दप्तरात मिळत नाही.

आपले विश्वासू,
दिवाणी न्यायालयांत काम करणारे वकील

प्रत माहितीसाठी: माननीय महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य