छातीचा एक्स-रे आणि पाळीची तारीख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील एंडोमेट्रिओसिसवरचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजण्याच्या आजारावरचा लेख वाचला. ओटीपोटातील वेदना, वंध्यत्व, अंडाशयातील चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) हे सगळे त्यात नीट आले आहे. हाच आजार श्वासपटल, म्हणजे पोट आणि छाती यांमधला पडदा, ओलांडून छातीत शिरू शकतो, याचा मात्र उल्लेख नाही. नेमकी हीच गोष्ट ठाऊक नसल्यामुळे आमच्या घराने दीड वर्ष हाल काढले, म्हणून हे पत्र.

माझी धाकटी बहीण प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिचा उजवा खांदा अधूनमधून दुखे, आणि फळ्यावर लिहून लिहून दुखत असेल असे तिने व आम्ही ठरवूनच टाकले होते. पुढे एका सकाळी तिला एकाएकी दम लागला. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाभोवती हवा भरून ते आकसलेले दिसले. बरगड्यांमधून नळी घातली, कॉटखालच्या बाटलीत येणारे बुडबुडे थांबले आणि पाचव्या दिवशी ती घरी आली. सात महिन्यांत हे तीनदा घडले आणि तिन्ही वेळा उजवीकडेच. ‘फुप्फुसावरचा एखादा फुगा फुटला असेल’ असे आम्हाला सांगण्यात आले. तसे अनेकांना होतेही, विशेषतः उंच, सडपातळ तरुण मुलांना.

तिसऱ्या वेळी तिचे कपडे आणायला मी तिच्या घरी गेले, तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नजर गेली. गॅस सिलिंडर कधी लावला, दुधाचा खाडा कधी झाला, या नोंदींमध्ये लाल पेनाने केलेली बारीक वर्तुळे होती. ती कशाची हे कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही. डिस्चार्ज कार्डे शेजारी धरून पाहिली, तर पहिला झटका पाळीच्या दुसऱ्या दिवशी, दुसरा पहिल्या आणि तिसरा तिसऱ्या दिवशी आलेला होता.

पाळीच्या दिवसांत छातीत हवा भरण्याच्या या प्रकाराची नोंद वैद्यकशास्त्रात १९५८ पासून आहे, म्हणजे हा काही कालपरवाचा शोध नव्हे. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती श्वासपटलावर, फुप्फुसाच्या आवरणावर किंवा क्वचित फुप्फुसातच रुजते आणि पाळीबरोबर तीही सुजते, तिच्यातून रक्त जाते. मग कोणाच्या छातीत हवा भरते, कोणाच्या रक्त साठते, कोणाला खोकल्यातून रक्त पडते. हवा भरण्याचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो, आणि दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत तो उजव्या बाजूला होतो. याचे एक कारण असे दिले जाते, की पोटातील द्रव उजव्या कडेने वर यकृताकडे सरकतो व त्याबरोबर या पेशी श्वासपटलाच्या उजव्या भागापर्यंत पोहोचतात. तिथे त्या बारीक छिद्रे पाडतात. खांदेदुखीचाही उलगडा यातच आहे, कारण श्वासपटलाची संवेदना वाहणारी नस मानेतून निघते आणि दुखणे खांद्यात जाणवते.

माझ्या बहिणीचा दोन पाळ्यांच्या मध्ये काढलेला सीटी स्कॅन जवळजवळ निर्दोष होता. दुर्बिणीतून पाहिल्यावर मात्र श्वासपटलावर चाळणीसारखी छिद्रे आणि तपकिरी-निळसर ठिपके दिसले. सर्जननी तो भाग काढून श्वासपटल शिवले आणि फुप्फुस छातीच्या आतल्या बाजूस चिकटून राहील असा उपचार केला. मूळ आजार एवढ्याने जात नाही. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळी थांबवणारी डायनोजेस्टची गोळी रोज सुरू केली. काहींना इंजेक्शने देतात, पण ती फार काळ चालू ठेवली तर हाडे ठिसूळ होण्याची भीती असते. या औषधांवर असताना मूल होणे सहसा शक्य नसते, त्यामुळे ज्यांना मूल हवे आहे त्यांनी याचा विचार डॉक्टरांशी आधीच बोलून करावा. शस्त्रक्रियेनंतरही आजार उलटू शकतो. छातीचे आणि स्त्रीरोगाचे असे दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलत असतील तरच हे सगळे जमते, आणि आम्हाला तसे दोघे भेटले ते चौथ्या दवाखान्यात.

आपल्याकडे खोकल्यातून रक्त पडले की पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो यायलाच हवा. थुंकीची तपासणी टाळू नये, सुरू असलेल्या गोळ्या कोणी मनाने बंद करू नयेत. परंतु तपासणीत जंतू सापडत नाहीत, रक्त पाळीच्या दोन-तीन दिवसांतच पडते आणि मग महिनाभर थांबते, असे असेल तर डॉक्टरांनी आणि रुग्णानेही कॅलेंडर पाहावे. आपल्या बायका छातीच्या डॉक्टरांसमोर पाळीचा विषय काढत नाहीत. सोबत भाऊ किंवा सासरे असतील तर नाहीच नाही.

यात आणखी एक गोष्ट मनाला लागली. पोटात गर्भ असल्यास त्याला किरणांचा त्रास होऊ नये म्हणून एक्स-रेपूर्वी बायकांना शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. माझ्या बहिणीच्या तिन्ही वेळच्या फॉर्मवर तंत्रज्ञाने ती निळ्या शाईत लिहिलेली होती आणि ते फॉर्म फिल्मच्या पाकिटातच होते. छातीच्या ओपीडीतील केसपेपरवर मात्र त्यासाठी रकानाच नव्हता. सार्वजनिक आरोग्य विभागाने तो घालून द्यावा, एवढीच विनंती.

एक वाचक, सातारा