जुने गेम कंट्रोलर सर्वांना हाताळता यावेत

महोदय,

हातांची हालचाल मर्यादित असलेल्यांच्या गेमिंगचा विषय निघाला, की चर्चा मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये खास अशा खेळाडूंसाठी आणलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरपाशीच थांबते. वास्तविक, अशा खेळाडूंच्या गरजेनुसार बदल करून घेण्यासाठी जुने कंट्रोलर अधिक सोयीचे आहेत.

निन्टेन्डो कंपनीच्या एनईएस या जुन्या गेमयंत्राच्या कंट्रोलरवर चार दिशा आणि चार बटणे, असे आठच संकेत असून त्यांतील प्रत्येक म्हणजे एक साधा स्विच असतो. त्याच्या दोन संपर्कांवरून डाख देऊन तारा बाहेर काढल्या आणि ३.५ मिलिमीटरच्या जॅकला (हेडफोनची पिन बसते तशा खाचेला) जोडल्या, की त्यात जोडलेला, तळहाताने, कोपराने किंवा पायाने दाबता येणारा मोठा स्विच तेच काम करतो; मूळ बटणही शाबूत राहते. बटण सतत दाबून धरणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी एकदा दाबल्यावर चालू राहणारा आणि पुन्हा दाबल्यावर बंद होणारा स्विच बसवता येतो. (धावण्याचे बटण खेळभर दाबून ठेवायला लावणाऱ्या गेममध्ये तर धडधाकट अंगठेही दुखतात!) नंतरच्या कंट्रोलरमधील, कोणत्याही दिशेला कमीजास्त झुकवता येणाऱ्या अ‍ॅनालॉग स्टिकचे काम मात्र इतके सरळ नाही, कारण तेथे बदलते व्होल्टेज पुरवावे लागते.

ही कल्पना नवीही नाही. हनुवटीने दिशा देण्याचा आणि नळीतून श्वास ओढून किंवा फुंकून बटणे चालवण्याचा कंट्रोलर खुद्द निन्टेन्डोने १९८९ मध्ये उपलब्ध केला होता. म्हणूनच जुन्या कंट्रोलरच्या प्रतिकृती आज नव्याने विकणाऱ्या उत्पादकांनी त्यांत बाह्य स्विचसाठी जॅक कारखान्यातच द्यावेत, जेणेकरून डाखकाम न येणाऱ्या कुटुंबांनाही त्यांचा उपयोग होईल.

– एक वाचक