टॅरो, कब्बाला आणि छापलेली आकृती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील टॅरोविषयक लेखात भविष्यकथनासाठी वापरले जाणारे हे पत्ते म्हणजे ‘ज्यूंच्या प्राचीन कब्बालाची’ (ज्यूंच्या गूढवादी परंपरेची) ‘चित्रमय पोथी’ असल्याचे ठामपणे म्हटले आहे आणि सोबत ‘जीवनवृक्षा’ची, म्हणजे रेषांनी जोडलेल्या दहा वर्तुळांची, आकृती छापली आहे. हे विधान इतिहासाला धरून नाही, आणि गंमत म्हणजे ती आकृतीच त्याच्या विरुद्ध साक्ष देते.

टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले, तेही खेळण्यासाठी. त्यांचा हिब्रू अक्षरांशी संबंध जोडणारे लेखन छापून आले ते १७८१ मध्ये, पॅरिसला. पुढे १८५० च्या दशकात एलिफास लेव्ही या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच लेखकाने बावीस मोठे पत्ते आणि बावीस अक्षरे यांची सांगड रूढ केली. कब्बालाचा ‘बाहिर’ हा ग्रंथ त्याआधी कितीतरी, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रोव्हान्समध्ये पुढे आला होता आणि ‘झोहार’ तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कॅस्टीलमध्ये. अनंत ईश्वर ज्या दहा सेफिरोतांतून (म्हणजे ईश्वरी रूपांतून; आकृतीतील दहा वर्तुळे त्यांचीच) प्रकट होतो, त्यांच्यातील मेळ माणसाच्या प्रार्थनेने आणि शब्बाथ हा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस पाळण्यासारख्या आज्ञापालनाने राखला जातो, अशी कब्बालाची धारणा आहे. म्हणजे ज्यू धर्माचरण वजा केले, तर त्या दहा नावांचा मूळ अर्थच उरत नाही.

ते वजा करण्यास सुरुवात झाली ती रेनेसाँच्या, म्हणजे प्रबोधनकाळातील, इटलीत. ख्रिस्ताचे देवत्व जादू आणि कब्बालाइतके दुसरे कोणतेच शास्त्र पटवून देत नाही, असा दावा पिको देल्ला मिरांदोला या इटालियन तत्त्वज्ञाने १४८६ मध्ये आपल्या नऊशे प्रमेयांत केला. त्याच्यासाठी हिब्रू ग्रंथांची लॅटिन भाषांतरे ख्रिस्ती झालेल्या एका ज्यू विद्वानाने केली होती. जर्मन पंडित रॉयखलिन याने तर ईश्वराच्या चार अक्षरी नावाच्या मधोमध ‘शिन’ हे अक्षर घालून त्यातून येशूचे नाव काढून दाखवले. पुढे सतराव्या शतकात क्नोर फॉन रोझेनरोट याने कब्बालाच्या ग्रंथांचा लॅटिन संग्रह सिद्ध केला. त्यातील काही भाग गूढविद्येचे इंग्रज अभ्यासक मॅथर्स यांनी १८८७ मध्ये इंग्रजीत आणला आणि १८८८ मध्ये लंडनला ‘गोल्डन डॉन’ ही गुप्तविद्येची संस्था स्थापन करणाऱ्यांतही ते होते. आजच्या टॅरोवरील बहुतेक ‘कब्बाला’ या घराण्यातून आलेला आहे.

आता छापलेली आकृती पाहावी. तिच्या तळाच्या वर्तुळाला, म्हणजे मलखुतला, तीन रेषा येऊन मिळतात. ही मांडणी गोल्डन डॉनची असून ती सतराव्या शतकातील जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातील) पंडित किर्खर याच्या चित्रावरून आलेली आहे. गॅलिलीतील सफेद या गावचे कब्बालाचे आचार्य इसहाक लुरिया (१५३४–१५७२) यांच्या परंपरेतील प्रचलित आकृतीत मलखुतला फक्त येसोदकडून, म्हणजे त्याच्या लगेच वरच्या वर्तुळाकडून, येणारी एकच रेषा असते. वर्तुळांना जोडणारे बावीस मार्ग (रेषा) दोन्हीकडे आहेत, पण ते एकसारखे नाहीत. त्यामुळे एका आकृतीवरून दुसरीचा अर्थ सांगता येत नाही.

ही पाश्चात्त्य परंपरा खोटी आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. १९०९ च्या वेट–स्मिथ या टॅरो संचातील ‘टेन ऑफ पेंटॅकल्स’ या पत्त्यावर म्हातारा, कुत्री आणि कमानीखालचे जोडपे यांच्यावर दहा नाणी अगदी जीवनवृक्षाच्या रचनेत ठेवली आहेत; चित्रकर्ती पामेला कोलमन स्मिथ यांची ही करामत दाद देण्याजोगीच आहे. मात्र तिला प्राचीनतेचा उसना मुलामा देण्याची गरज नाही. ‘गोल्डन डॉनची मांडणी’ एवढी ओळ आकृतीखाली असती तरी पुरे होते.

लेखात स्थानिक संदर्भ हवाच होता, तर तो पुण्यातच मिळाला असता. थिऑसॉफी या गूढवादी चळवळीकडे ओढले गेलेले बगदादी ज्यू अब्राहम डेव्हिड इझिकिएल यांनी झोहारमधील ‘इद्रा झुटा’ या भागाचे ज्यूंच्या अरबीतील भाषांतर १८८७ मध्ये येथेच प्रसिद्ध केले आणि सनातनी रब्बींचा रोष ओढवून घेतला. मॅथर्स यांचे इंग्रजी पुस्तक निघाले तेही याच वर्षी, आणि ‘इद्रा झुटा’ त्यातही आहे. या दोन भाषांतरांवर आपल्या पुरवणीत एखादा लेख यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे