बाबांची उंची

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

मागच्या वेळी घरी आले तेव्हा बाबांची पँट टाचेखाली लोळत होती. आई म्हणाली, "पट्टा सैल बांधतात." मी मान डोलावली, पण परतीच्या प्रवासात ते डोक्यातून जाईना. पँट जुनीच होती, आणि पूर्वी ती बरोब्बर घोट्यावर यायची.

इतकी वर्षं आपण सगळे बाबांच्या श्वासाकडेच बघत आलो. पंप घेतला का, ऑक्सिजन किती दाखवतोय, कफाचा रंग कसा आहे. सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार, म्हणजे छातीचंच दुखणं, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की पाठ आपण त्या हिशोबात धरलीच नाही. थंडीत त्या रात्री खोकल्याची उबळ आली, पाठीत कळ गेली आणि बाबा, तुम्ही तीन आठवडे गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून होतात. लचक भरली असं आपणच ठरवून टाकलं. ती लचक नसावी, अशी भीती आता मला वाटते आहे. हाडं ठिसूळ झाली असतील तर नुसत्या खोकल्याने फासळी मोडू शकते, मणका दबू शकतो. आणि दबलेले बरेचसे मणके कुणाच्या लक्षातही येत नाहीत; पाठदुखी म्हणून निघून जातात, मागे उंची थोडी कमी झालेली राहते.

फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्यांमध्ये हाडांचा ठिसूळपणा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, खूप आढळतो. त्याची कारणं वाचताना मला तुम्हीच दिसत होतात. पूर्वीची सिगारेट, उतरलेलं वजन, दम लागतो म्हणून कमी झालेलं चालणं, घराबाहेर न पडल्याने न मिळालेलं ऊन. शिवाय या आजाराची सूज फुप्फुसापुरती राहत नाही, ती अंगभर मंद धुमसते आणि हाडंही पोखरते.

आणि स्टेरॉइड. बाबा, तुमच्या उशाजवळच्या डब्यात मला प्रेडनिसोलोनच्या तीन अर्धवट स्ट्रिप्स सापडल्या. मी रागावलेले नाही. रात्री दोन वाजता श्वास कोंडला की माणूस हाताशी असेल ते घेणारच, आणि या गोळीने तुम्हाला अनेकदा सावरलंय. दमा-खोकला उसळल्यावर डॉक्टर देतात तो पाच दिवसांचा कोर्स गरजेचाच असतो. पण वर्षात असे चार-पाच कोर्स, वर मनाने घेतलेल्या गोळ्या, यांची बेरीज कुणीच केली नाही. हाड सारखं झिजत आणि नव्याने घडत असतं. स्टेरॉइड घडवणाऱ्या पेशींचं काम मंदावतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीवाटे जास्त जातं. रोज अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गोळी तीन महिने चालणार असेल, तर हाडं तपासायला हवीत असं तज्ज्ञ सांगतात. हे वाचून गोळी किंवा पंप स्वतःहून बंद मात्र करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवणं धोक्याचं असतं, आणि पंपातलं औषध हाडांपर्यंत पोचतं ते गोळीच्या मानाने फार थोडं.

"हाडांचं नंतर बघू, आधी श्वास" असं तुम्ही म्हणाल, म्हणून हे मुद्दाम लिहिते. छातीमागचा मणका दबला की पाठीला पोक येतं, फासळ्या खाली सरकतात आणि फुप्फुसांना फुलायला जागा उरत नाही. हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांच्या 1990 सालच्या एका अभ्यासात अशा प्रत्येक मणक्यामागे श्वासाची क्षमता साधारण 9 टक्क्यांनी कमी दिसली होती. दुखतं म्हणून माणूस मोकळं खोकत नाही, कफ आत साचतो, संसर्ग होतो, आणि पुन्हा स्टेरॉइडचा कोर्स. बाबा, तुमची पाठ हा तुमच्या श्वासाचाच प्रश्न आहे.

आई, आता तुझ्याकडे मागणं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना डेक्सा तपासणीबद्दल, म्हणजे हाडांची घनता मोजण्याबद्दल, विचार. त्यात घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस धरतात. वयामुळे मणक्यांची झीज झालेली असली की कमरेच्या मणक्यांचा हा आकडा कधी खोटाच चांगला येतो, म्हणून पाठीचा बाजूने काढलेला एक्स-रेही लागेल का ते विचार. व्हिटॅमिन डीची रक्ततपासणीही. आणि मागच्या दोन वर्षांतल्या स्टेरॉइडच्या सगळ्या कोर्सची यादी ने. डब्यातल्या गोळ्यांसकट, काही लपवू नकोस.

औषधं आहेत, आणि ती चांगली आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली तर ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास अजिबात आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. बाबांना उठल्यावर परत पडायची सवय आहे, तेवढी सांभाळ. सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन ठरलं तर तारीख माझ्याकडेही लिहून ठेवेन. ते चुकलं तर हाडं झपाट्याने खालावतात. बाबांची दाढ काढायची राहिली आहे, हे डॉक्टरांना औषध सुरू होण्याआधीच सांग.

तोवर एक काम घरातच होईल. बाबांना भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं कर, डोक्यावर पुस्तक आडवं धर, खूण कर आणि मोजपट्टीने मोज. नोकरीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद कपाटातल्या निळ्या फाईलमध्ये आहे, त्यावर 171 सेंटिमीटर लिहिलंय. चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक आला तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, आधीची वेळ घ्या. दिवस ठरला की लगेच कळवा. मी रजा टाकून येते, दवाखान्यात मला तुमच्याबरोबर असायचंय.

तुमची,
धाकटी