मूळ चित्रपट मागितला की रिमेक का लावता?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक विभाग

विषय: चित्रपटांच्या पानांवरील चुकीची माहिती आणि मूळ चित्रपट शोधला असता रिमेक पुढे करण्याबाबत.

महोदय / महोदया,

ही तक्रार मी आधी आपल्या चित्रपटांच्या ॲपच्या चॅटवर मांडली होती. तिथे मला ॲप काढून पुन्हा टाकायला आणि कॅशे साफ करायला सांगण्यात आलं. मी दोन्ही केलं. आपल्या ॲपवर मूकपटांच्या काळातले नट अण्णा साळुंके अजून १९१३ सालीच दुहेरी भूमिका करताहेत, म्हणून आता रीतसर लिहिते आहे.

चित्रपट मध्येच थांबवला की आपल्याकडे बाजूला ‘हे माहीत आहे का?’ अशी चौकट उघडते. कल्पना उत्तम आहे. मला सिनेमाच्या असल्या गोष्टींचं वेड शाळेपासूनचं, त्यामुळे वर्गणी भरताना त्या चौकटीचंही आकर्षण होतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत सिनेमाची प्रश्नमंजुषा असते आणि प्रश्न काढण्याचं काम माझ्या गळ्यात असतं. यंदा एक प्रश्न होता, भारतीय पडद्यावरची पहिली दुहेरी भूमिका कोणत्या चित्रपटात? उत्तर ‘लंका दहन’, १९१७. त्यात साळुंक्यांनी राम आणि सीता, दोघंही केले. बी विंगमधल्या एका मुलाने ‘राजा हरिश्चंद्र’ सांगितलं, मी चूक दिलं, तर त्याने मोबाईल उंच धरला. आपली चौकट उघडी, त्यात ठळक अक्षरांत ‘राजा हरिश्चंद्र, १९१३’. अध्यक्षकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन नाकाशी नेऊन वाचली आणि “लिहून आलंय ना, मग देऊन टाका गुण” असा निकाल लावला. मी पुस्तक आणायला घरी निघाले, तोवर आरती सुरू झाली.

साहेब, ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये साळुंके तारामती होते. फक्त तारामती. राजाचं काम दत्तात्रय दाबक्यांनी केलं आणि रोहिदासाचं खुद्द दिग्दर्शक दादासाहेब फाळक्यांच्या मुलाने. पडद्यावर यायला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके हेरले, ही गोष्ट निदान आम्हा नाशिककरांना कुणी सांगावी लागत नाही. फाळक्यांचा जन्म इथल्या त्र्यंबकेश्वरचा, त्यांचं स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. त्याच शहरात भर मांडवात मला खोटं पाडायला आपली चौकट पुरली.

दुसरी बाब ‘श्यामची आई’ची. माझ्या आईला १९५३ चा चित्रपट पाहायचा होता, आचार्य अत्र्यांचा, वनमालाबाईंचा. मी नाव टाकलं, पानावर १९५३ लिहिलेलं दिसलं, चित्र कृष्णधवल, म्हणून लावून दिला. बराच वेळ गेल्यावर आई म्हणाली, “अगं, ही वनमाला नव्हे.” ती बरोबर होती. लागला होता तो सुजय डहाके यांचा २०२३ चा चित्रपट. तोही कृष्णधवलच आहे, त्यामुळे आपल्या माणसाची फसगत झाली असेल हे समजू शकते. पण त्याखालची चौकट काय म्हणते? या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं! पडद्यावर येण्याच्या ६९ वर्षं आधी पदक. ते पदक अत्र्यांच्या चित्रपटाचं, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षीचं. डहाक्यांच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार २०२५ मध्ये जाहीर झाला, त्याचा मात्र पत्ता नाही. म्हणजे एकाच फटक्यात दोघांवर अन्याय. शिवाय २०२३ च्या चित्रपटाला आपण ‘रिमेक’ म्हटलंय, तेही मला पटत नाही. साने गुरुजींच्या पुस्तकावरून दोन पिढ्यांनी दोन चित्रपट केले, एवढंच. मूळ हे पुस्तक आहे.

आता ज्याच्यामुळे डोकं फिरलं ते. भाचा जर्मनीहून आला होता, त्याच्या तिकडच्या मित्रांना ‘सैराट’ दाखवायचा होता. आपल्या शोधपट्टीत मराठीत ‘सैराट’ टाका, पहिला येतो त्याचा हिंदी रिमेक ‘धडक’. दुसराही ‘धडक’चाच, त्यातली गाणी. मग एक ‘तुम्हाला हेही आवडेल’ची रांग. ‘सैराट’ त्याच्याही खाली, छोट्या चौकोनात. ज्याचं नाव टाइप केलं तो चित्रपट आपल्याकडे आहे आणि तरी तो शेवटी दाखवायचा, हे कोणत्या हिशेबात बसतं?

‘धडक’शी माझं वैर नाही, पण तो अनावश्यक रिमेकचा नमुना म्हणून दाखवावा असा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ‘सैराट’ आला, २०१८ च्या जुलैत ‘धडक’. ‘धडक’ येण्याआधी ‘सैराट’ महाराष्ट्राबाहेर कुणी पाहिला नव्हता असं नाही. बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला, रिंकू राजगुरूच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारात विशेष दखल घेतली गेली, ‘झिंगाट’वर तर भाषा न कळणारेही नाचले. नागराज मंजुळे करमाळ्याच्या बाजूचे. ती विहीर, तो ऊस, ट्रॅक्टर चालवत येणारी पाटलाची पोर आणि तिच्या घरचा दरारा, हे सगळं त्या मातीतून आलेलं आहे. जात हा त्या गोष्टीचा कणा आहे. हिंदीत गोष्ट उदयपूरला गेली, घराणं राजेशाही झालं, तलाव आणि हवेल्या आल्या आणि जात एखाद-दुसऱ्या वाक्यापुरती उरली. संगीत तेच अजय-अतुल यांचं, चालीही ओळखीच्या. शेवट बदलला आहे. काय बदलला ते मी लिहीत नाही, कारण पुढे कुणाला दोन्ही पाहायचे असतील. आपली चौकट मात्र ‘सैराट’चा शेवट विसाव्या मिनिटालाच सांगून मोकळी होते. ही कसली माहिती म्हणायची? भाच्याच्या पाहुण्यांपैकी एकाने ती वाचली आणि बाकीच्यांना सांगितलीही.

रिमेक म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही, हे इथे स्पष्ट करते. ‘अशी ही बनवाबनवी’ मी किती वेळा पाहिला असेल देव जाणे, आणि त्याची गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वर बेतलेली आहे हे माहीत असूनही प्रत्येक वेळी हसते. आपल्या पानावर त्या हिंदी चित्रपटाचा उल्लेखसुद्धा नाही, उलट ‘अस्सल मराठी कथा’ असं लिहिलंय. ‘मदर इंडिया’ हा मेहबूब खान यांनी स्वतःच्याच ‘औरत’चा (१९४०) सतरा वर्षांनी केलेला रिमेक, आणि दोन्हींत सावकार सुखीलालाच्या भूमिकेत कन्हैयालालच. हे वाचून माणूस ‘औरत’ शोधायला जातो. चौकटीत असं काही असावं. नायकाला सेटवर कोणता चहा लागायचा, यात कुणाला रस आहे?

आणि सगळ्यात गरजेचा रिमेक तर आपल्या पहिल्याच चित्रपटाचा. फाळक्यांनी १९१७ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पुन्हा चित्रित केला. आज जी थोडी रिळं शिल्लक आहेत ती १९१३ ची नसून या दुसऱ्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे आपण ‘पहिला चित्रपट’ म्हणून कौतुकाने जे पाहतो तो कदाचित रिमेकच असेल. इतकं रंजक प्रकरण हाताशी असताना आपण साळुंक्यांचं वर्ष चुकवत बसलात.

पूर्वी रिमेकला कारण असायचं. मल्याळम चित्रपट नाशिकला कुठून लागणार? पण आता आपणच मूळ चित्रपट सबटायटलसह घरात आणून देता. मल्याळम ‘दृश्यम’ २०१३ चा; त्याच्यामागून दोन वर्षांच्या आत कन्नड, तेलुगू, तमिळ आणि हिंदी. हिंदीतला आमच्या निशिकांत कामतांनी केला आणि चांगला केला. याच कामतांनी स्वतःचा ‘डोंबिवली फास्ट’ तमिळमध्ये ‘एवनो ओरुवन’ म्हणून नेला होता, माधवनला घेऊन. तसं कुणी मनापासून करत असेल तर जरूर करावं. माझं म्हणणं एवढंच की नवा आला म्हणून जुन्याला दारामागे ढकलू नका. हॉलिवुडमध्ये एमजीएम या स्टुडिओने १९४४ मध्ये ‘गॅसलाइट’ केला तेव्हा त्याच नावाच्या १९४० च्या ब्रिटिश चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा घाट घातला होता. सुदैवाने काही प्रती वाचल्या. आपल्याला काही जाळावं लागत नाही, शोधाच्या यादीत पाच घरं खाली सरकवलं की काम होतं.

तरी माझी मागणी अशी आहे. वर लिहिलेल्या चुका दुरुस्त करा. १९५३ आणि २०२३ च्या ‘श्यामची आई’ची पानं वेगळी करा आणि ज्याचं पदक त्याच्या पानावर लावा. नाव टाकलं की तोच चित्रपट आधी दिसू द्या. रिमेक दाखवायचाच तर त्याच्याखाली. प्रत्येक रिमेकच्या पानावर मूळ चित्रपटाचं नाव, भाषा आणि साल ठळक लिहा. ‘वेड’ हा मराठी चित्रपट लावणाऱ्याला तो तेलुगू ‘मजिली’वरून आलाय हे कळलं तर ‘वेड’चं काही कमी होत नाही, आपल्याला मात्र आणखी एक प्रेक्षक मिळतो. शेवट फोडणारी चौकट चित्रपट संपल्यावरच उघडेल असं करा. आणि ही माहिती कोण लिहितं, तपासतं की नाही, हे लेखी कळवा. माणूस लिहीत असेल तर त्याला चार पुस्तकं द्या. यंत्र लिहीत असेल तर त्याच्यावर एक माणूस बसवा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवणार आहे. वर्गणीचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे, ऑटो-पे मी आजच बंद केलं आहे. कृपया उत्तरात पुन्हा कॅशे साफ करायला सांगू नये.

कळावे,
आपली ग्राहक,
नाशिक

सोबत: वरच्या पानांचे आणि शोधपट्टीचे स्क्रीनशॉट, चॅटची प्रत. नाव व ग्राहक क्रमांक ई-मेलमध्ये दिला आहे.