रविवारचं सेशन: कापाब्लांकाचा राजा फिरायला निघतो
मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० ला नेहमीच्या हॉलमध्ये, आपण बुद्धिबळातला कापाब्लांका (पांढरी मोहरी, माजी विश्वविजेता) विरुद्ध टार्टाकोवर, न्यूयॉर्क १९२४ हा एकच गेम घेणार आहोत, पूर्ण दोन तास.

- पट आणि सोंगट्या आपापल्या आणा, मोबाईलवर बघून पोझिशनल खेळ (मोहऱ्यांच्या जागा हळूहळू सुधारत जाणारा खेळ) कळत नाही (माझं ठाम मत)
- ३० व्या खेळीला पांढरा हत्ती सातव्या ओळीत घुसतो, तिथपर्यंत घरी खेळून या
- ३५ व्या खेळीला पांढरा राजा जी३ या घरावर येतो, दोन प्यादी सोडून देतो, तीही काळ्याला शहासकट घेऊ देतो, आणि सरळ एफ६ या घरापर्यंत चालत जातो, हे का चालतं ते प्रत्येकाने वहीत लिहून आणायचं
- इंजिन (खेळ्या सुचवणारं कॉम्प्युटर सॉफ्टवेअर) लावायचं नाही!!

ज्युनिअर मुलांनी पण यायचं. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत इथेच कळवा